मुलीसंबंधीच लिहावे

टेंबेबाईंना ‘हुशार’ हा शब्द चालत नसे. मी शाळेत रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पहिलीच्या वर्गाच्या सगळ्या वह्या मागवून घेतल्या, एकेक उघडून पाहिली आणि गठ्ठा माझ्यासमोर परत ठेवला. मी जवळजवळ प्रत्येक वहीत ‘मुलगा हुशार आहे’, ‘मुलगी गोड आहे’ असं काहीतरी लिहून ठेवलं होतं.

“हे कळवणं नव्हे, कुसुम,” त्या म्हणाल्या. “हे तुझं मत झालं. मतं घरच्यांकडे भरपूर असतात. शाळेत काय झालं ते मात्र त्यांना दिसत नाही. तेवढं लिही.”

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. कलकत्त्यात कालीघाटच्या बाजूला एका गल्लीत, तळमजल्याच्या तीन खोल्यांत आमची मराठी प्राथमिक शाळा भरत असे. पहिली ते चौथी मिळून साठेक मुलं. निम्मी माझ्यासारखी, कलकत्त्यातच जन्मलेल्या घरांतली. निम्मी बदलीवर आलेल्या सरकारी आणि बँकेतल्या नोकरदारांची, दोन-तीन वर्षांनी दाखला घेऊन निघून जाणारी. टेंबेबाई दुसरीला शिकवत आणि शाळेचा कारभारही पाहत. वह्यांची पद्धत त्यांचीच. प्रत्येक मुलाच्या दप्तरात खाकी कव्हराची एक वही असे. शाळा सुटण्यापूर्वी शिक्षिकेनं डाव्या पानावर त्या दिवसाच्या दोन ओळी लिहायच्या. उजवं पान घरच्यांसाठी. रविवारी वडिलांनी खाली सही करायची.

बाईंच्या त्या दोन ओळी मी चोरून वाचत असे. ‘आज विनूने शेजारच्या मुलाला आपली पाटी दिली. त्याने मागितली नव्हती.’ ‘आज लता तासभर खिडकीबाहेर पाहत होती. मी जाऊन पाहिले. बाहेर काही नव्हते.’ ‘आज कुमुद “पाणी खाल्लं” म्हणाली. घरी “प्यायलं” म्हणवून घ्यावे.’ ही शेवटची चूक आम्हा कलकत्त्यातल्या मुलांची नेहमीची. बंगालीत पाणी खातात, म्हणून आम्हीही खायचो. मी स्वतः एकदा बाईंसमोर तसं बोलले तेव्हा त्यांनी मला वर्गातल्या मुलीसारखं तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

पन्नाशी उलटलेली, उंच, खांद्यात जराशी वाकलेली बाई. अंगावर बारीक काठाचं पांढरं पातळ. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, तो सुट्टीतसुद्धा गेलेला मी पाहिला नाही. दुपारचा डबा त्या उभ्यानं खात, कारण टेबलावर वह्या पसरलेल्या असत. शाळेपासून ट्रामनं जायच्या अंतरावर, बेहाला भागात, एका लेथच्या कारखान्यामागे त्यांची खोली होती. दिवसभर यंत्राची घरघर. “रविवारी ते बंद असतं,” त्या एकदा म्हणाल्या, “त्या दिवशी मला दुपारी डोळा लागत नाही.” त्यांच्या घरचं एवढंच मला ठाऊक. त्यांचं कोणी होतं का, कुठे होतं, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही माझ्या घरची चौकशी कधी केली नाही. मला ते त्यांच्या शिस्तीचंच वाटे.

कळवण्याच्या बाबतीत मात्र त्या कोणाला ऐकत नसत. शकू नावाच्या एका मुलीच्या आईला वाचता येत नव्हतं. शकू वही उघडून आईला वाचून दाखवी आणि मनाला येईल ते वाची. ‘बाईंनी लिहिलंय, शकूला रोज डब्यात लाडू द्या.’ महिनाभर लाडू आले. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या शकूला रागावल्या नाहीत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी जाऊ लागल्या. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून आठवड्याच्या ओळी स्वतः वाचून दाखवायच्या, पाणी प्यायचं आणि उठायचं. शकूची आई ते भाकरी थापता थापता ऐके. वर्षभर हे चाललं.

आणि एका वसंतात शाळेच्या वरच्या मजल्यावर एका भाडेकरूला देवी आल्या. आमचे सेक्रेटरी कारखानीस दुपारीच येऊन म्हणाले, “बाई, वहीत याचा उल्लेख नको. आपण खोल्या धुऊन घेऊ. लोक घाबरतील, मुलं काढून घेतील.” बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी साठच्या साठ वह्यांत लिहिलं, आम्हा तिघींनाही लिहायला लावलं: ‘शाळेच्या इमारतीत देवीचा रोगी आहे. मुलास टोचले नसल्यास उद्याच टोचून घ्यावे. तोवर पाठवू नये.’ दुसऱ्या दिवशी शाळेत अकरा मुलं होती. कारखानीस महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. “शाळेत घडलं ते घरी कळलंच पाहिजे,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी हे सगळं सांगते आहे कारण पुढे जे झालं त्यात लोक बाईंना निष्काळजी म्हणाले. त्या निष्काळजी नव्हत्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी दुसरीत नीला गुप्ते नावाची मुलगी आली. सगळे तिला नीलू म्हणत. तिचे वडील बराकपूरला लष्करी कचेरीत अधिकारी होते. तिथे कुटुंबासाठी क्वार्टर मिळेना, म्हणून बायको आणि मुलीला बेहाल्यात भाड्याच्या घरी ठेवून ते सोमवारी पहाटे सियालदह स्टेशनवरून गाडी धरत आणि शनिवारी संध्याकाळी परत येत. नीलूची आई मालतीबाई फार तर सव्वीस वर्षांची असेल. इंदूरच्या मोठ्या, माणसांनी भरलेल्या घरातून आलेली. आदल्या वर्षी तिचं एक तान्हं मूल गेलं होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. रोज सकाळी ती नीलूला ट्रामच्या थांब्यावर आणी आणि तिचा हात बाईंच्या हातात देई. त्या दोघींमध्ये तेवढंच बोलणं. “डबा दिलाय.” “बरं.”

वहीत मात्र ती लिहू लागली. अक्षर सुरेख, शाळेत कित्त्यावर घोटलेलं. पहिल्या महिन्यात तिनं लिहिलं, ‘नीलूने घरी शाळा भरवली. आम्हा सगळ्यांना ओळीत बसवले. सगळे म्हणजे मी, दोन उशा आणि पाण्याचा तांब्या. तांब्याला चांगले मार्क मिळाले.’ बाई ते वाचून मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू उजवं पान भरू लागलं. इतर घरचे लोक ‘वाचले’ एवढंच लिहीत. मालतीबाई पान संपवून समासात शिरत. बाई ते ट्राममधून येताना वाचत आणि उत्तराच्या दोन ओळी लिहीत, नेहमीप्रमाणे फक्त नीलूबद्दल. मग थंडीच्या सुरुवातीला एक दिवस ही नोंद आली:

‘नीलू शाळेत गेली की घरात आवाज नसतो. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांची माझी भाषा एक नाही. दुपारी कधी कधी मी उगीच मोठ्याने मराठी बोलून पाहते. आपण लिहिलेल्या ओळी दिवसातून चार-पाचदा वाचते. रागावू नये.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग टोपण काढून लिहिलं, ‘वही मुलीची आहे. कृपया मुलीसंबंधीच लिहावे.’

मी शेजारीच बसले होते. “बाई, जरा कडक झालं,” मी म्हटलं.

“झालं असेल. पण ही वही नीलूच्या दप्तरात असते. तिला आता वाचता येतं. आईचं दुःख मुलीनं पाठीवर घेऊन का हिंडायचं?” मग टोपण लावत त्या म्हणाल्या, “आणि मी त्यावर काय लिहिणार, कुसुम? मला ते येत नाही.”

दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर होतं, ‘चूक झाली. क्षमा असावी. नीलू काल लवकर झोपली.’

त्यानंतर मालतीबाईंनी स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दोन ओळी, कधी एक. ‘डबा संपवला.’ ‘पाढे म्हटले.’ असं सगळं वर्ष गेलं, नीलू तिसरीत गेली. बाईंनीही तिसरीचा वर्ग घेतला, त्यामुळे वही त्यांच्याकडेच राहिली. मग दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर पानं पुन्हा भरू लागली, पण वेगळ्या तऱ्हेनं.

‘नीलूला आता स्वतःची वेणी घालता येते. रिबीन मात्र सैल बांधते, ती पुन्हा बांधून द्यावी.’

‘दुधावर साय दिसली तर दूध पीत नाही. काढून द्यावी, रागावू नये.’

‘अंधाराला भिते, पण सांगत नाही. विचारावे लागते.’

‘खोकला झाला तर छातीला तेल लावू देत नाही. पाठीला चालते.’

रोज असं एखादं. बाईंनी आम्हा तिघींना बोलावून ती पानं दाखवली. खूश होत्या. “बघ, आपल्याकडे इतकी वर्षं आया लिहितात, पण अशी वही कोणी लिहिली नाही. हिला मूल दिसतं.” मलाही ते कौतुकाचंच वाटलं. प्रत्येक रविवारी त्याखाली गुप्त्यांची लफ्फेदार सही होती.

एका गुरुवारी नीलू थांब्यावर एकटीच आली. “आईला काम आहे,” ती म्हणाली. बाईंनी तिचा हात धरला आणि तिला शाळेत आणलं. दुपारी अडीचच्या सुमाराला मालतीबाईंच्या शेजारचे भट्टाचार्यबाबू धापा टाकत शाळेत आले. दारातच त्यांनी बाईंना बंगालीत सांगितलं; बाईंचं बंगाली बेताचंच, त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ते मराठीत सांगण्याची पाळी माझ्यावर आली. घरामागच्या तळ्यातून मालतीबाईंना बाहेर काढलं होतं. त्या गेल्या होत्या.

बराकपूरला निरोप धाडला. नीलूला आम्ही माझ्या घरी नेलं. तिला काय सांगायचं ते तिच्या वडिलांनी ठरवावं असं बाईंचं मत पडलं, म्हणून त्या स्वतःही आमच्याकडेच थांबल्या. संध्याकाळी माझ्या आईनं नीलूपुढे दुधाचा पेला ठेवला. नीलूनं तो हातात घेतला, आत पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. आई म्हणाली, “पी बाळा, गार होईल.” बाईंनी पेला आपल्याकडे ओढला, चमचा मागितला, साय काढून बशीच्या कडेला लावली. आणि चमचा हातात धरून तशाच बसून राहिल्या.

नीलूनं दूध संपवलं. बाईंनी मला तिच्या दप्तरातून वही आणायला सांगितली. पूजेच्या सुट्टीपासूनची पानं त्यांनी एकामागून एक वाचली.

“हे तिनं मला लिहिलं नव्हतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पुढे जे कोणी हिला सांभाळतील त्यांना लिहिलं होतं. आणि मी ते घेऊन शाळाभर दाखवत फिरले.”

दहाव्या-बाराव्या दिवशी गुप्ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. दाढी वाढलेली, कोट मात्र इस्त्रीचा. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“हे तुम्ही वाचलं होतं?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“‘घरात आवाज नसतो.’ हेही?”

“हो.”

“आणि तुम्ही तिला हे उत्तर दिलंत.” त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “मुलगी शिंकली तरी तुम्ही कळवता. शाळेच्या माडीवर कोणाला देवी आल्या तर कळवता. मला एक ओळ लिहायला काय झालं होतं? बराकपूर काही विलायतेत नाही.”

बाई उभ्या होत्या. त्यांची नजर त्या बोटाखालच्या ओळीवर होती.

“मी दर सोमवारी सियालदहला पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या बिऱ्हाडांतून वाट काढत गाडी गाठायचो,” गुप्ते म्हणाले. “बायका-पोरं फलाटावर, चूल फलाटावर. मला वाटायचं, आपलं निदान घर तरी जागेवर आहे.”

मला राहवलं नाही. “पण गुप्तेसाहेब, दर रविवारी खाली तुमची सही—”

“कुसुम,” बाई म्हणाल्या, “वर्गात जा.”

मी दारापर्यंत गेले, पुढे गेले नाही. बाई त्यांना म्हणाल्या, “माझं चुकलं. मला कळायला हवं होतं, आणि कळलं नाही.” गुप्त्यांनी मान हलवली. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले की नीलूला इंदूरला त्यांच्या बहिणीकडे पाठवायचं ठरलं आहे, दाखला हवा आहे.

ते वही टेबलावरच ठेवून गेल्यावर मी बाईंना म्हटलं, “तुम्ही मला बोलू का दिलं नाहीत?”

“त्यांना ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “घरी एकटं बसून ते वाचवेना, म्हणून तर ते इथे आले.”

पुढचे तीन दिवस बाईंनी दुपारच्या सुट्टीत एकच काम केलं. मालतीबाईंनी नीलूबद्दल जे जे लिहिलं होतं ते सगळं नव्या वहीत उतरवून काढलं. वेणी, दूध, अंधार, खोकला, उशा आणि तांब्यासुद्धा. आपलं एक अक्षर त्यात घातलं नाही. ज्या दिवशी नीलूची आत्या तिला न्यायला आली त्या दिवशी आम्ही दोघी हावडा स्टेशनवर गेलो. बाईंनी वही आत्याबाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हे हिच्या आईचं आहे. आजच्या आज वाचा. पहिली रात्र गाडीतच आहे, आणि डब्यात दिवा नसतो कधी कधी.” आत्याबाई भल्या वाटल्या. त्यांनी तिथेच फलाटावर पहिलं पान उघडलं. नीलूनं खिडकीतून आम्हाला हात केला. तिला तोवर सांगून झालं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बाईंनी गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही.

बातमी आमच्या लहानशा मराठी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. गणेशोत्सवाला, हळदीकुंकवाला लोक हलक्या आवाजात बोलत. बाईंच्या त्या उत्तराची ओळ अख्ख्या वस्तीला पाठ झाली होती. शाळेची कमिटी भरली. कारखानीस म्हणाले, “वह्यांनी नसत्या भानगडी उभ्या राहतात.” वह्या बंद करून तिमाही प्रगतिपत्रक छापायचं ठरलं: विषय, गुण, हजेरी, सही. ज्या बाईंनी देवीच्या वेळी त्यांना जुमानलं नव्हतं त्यांनी या वेळी विरोध केला नाही. “ठीक आहे,” म्हणाल्या आणि कपाटातल्या कोऱ्या वह्या मुलांना चित्रं काढायला वाटून टाकल्या.

मला वाटलं होतं, बाई खचतील आणि राजीनामा देतील. त्या खचल्याच होत्या. केस वर्षभरात पांढरे झाले, फळ्यावर लिहिताना मध्येच थांबत. राजीनामा मात्र दिला नाही. शाळा सुटायच्या वेळी दाराशी जाऊन उभ्या राहू लागल्या. न्यायला आलेल्या आयांना एकेकीला विचारत, “कशा आहात?”

आया गोंधळत. “बरा आहे ना आता, खोकला गेला,” कोणी म्हणे.

“मुलाचं नाही विचारलं. तुमचं.”

त्यांना ते जमत नसे. आवाज तोच, हजेरी घेतल्यासारखा. त्यात ती गोष्ट सगळ्यांना माहीत. काही जणी तर नजर टाळून मुलाला ओढत रस्त्याच्या पलीकडे जात. एकीनं मला स्पष्टच विचारलं, “तुमच्या बाईंना आम्ही सगळ्या जीव देणार असं वाटतं का?” मी ते बाईंना सांगितलं नाही. पण त्यांना ते कोणीतरी सांगितलं असावं. आठवडाभर त्या दाराशी आल्या नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा येऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर दीड वर्षानं माझं लग्न ठरलं. सासर नागपूरचं. कलकत्ता सोडण्याआधी पत्रिका द्यायला मी शाळेत गेले तेव्हा चार वाजून गेले होते, मुलं घरी गेली होती. बाई वर्गात नव्हत्या. शेजारच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला एक तरुण बाई होती, नुकतीच बदलीवर आलेल्या कोणाची तरी. तिची मुलगी खडूच्या तुकड्यानं भिंतीवर रेघा ओढत होती आणि बाई तिला थांबवत नव्हत्या. ती तरुण बाई खाली मान घालून बोलत होती. मधूनच थांबे, पदरानं नाक पुसे, पुन्हा बोलू लागे. बाई एक शब्द बोलत नव्हत्या. हात मांडीवर, अंग तिच्याकडे वळवलेलं.

मी गल्लीच्या तोंडाशी पाऊण तास उभी होते. एकदा बाईंची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला ओळखलं, हातातली पत्रिकाही पाहिली असावी. मान जराशी हलवली आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. मी पत्रिका शाळेच्या दाराच्या कडीत अडकवली आणि निघाले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ती अजून बोलत होती.